संशोधनाचा पहिला तास ग्रंथालयात व्हावा

सोलापुरातील महाविद्यालयांची ग्रंथालये ओस पडली आहेत, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. पण ती पूर्ण खरी नाही. वाचनकक्षात जागा धरण्यासाठी सकाळीच खुर्चीवर वही ठेवून जाणारी मुले आजही दिसतात आणि परीक्षांच्या दिवसांत तर बसायला जागा मिळत नाही. मात्र ही मुले काय वाचत आहेत हे जवळ जाऊन पाहिले, तर बहुतेकांसमोर घरून आणलेला स्पर्धा परीक्षेचा ठोकळा, झेरॉक्स केलेल्या नोट्स आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा संच असतो. मागच्या कपाटांत हजारो ग्रंथ आणि नियतकालिकांचे बांधीव खंड असतात, पण मुलांचा संबंध येतो तो टेबल, पंखा आणि शांतता यांच्याशी. त्यांना दोष देण्याचा प्रश्नच नाही. पूर्व भागातील ज्या घरात एकाच खोलीत आई विड्या वळते आणि भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतो, त्या घरातील मुलाला चार तास निवांत बसायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे आणि ती सोय महाविद्यालयाने केलीच पाहिजे. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. अभ्यासिका चालवली म्हणजे ग्रंथालयाचे काम झाले असे आपण मानू लागलो आहोत, आणि त्यामुळे एखाद्या प्रश्नाचे उत्तर स्वतः शोधून काढण्याची विद्या, जी ग्रंथालयाइतकी चांगली दुसरीकडे कुठेच शिकता येत नाही, ती महाविद्यालयात कोणीच शिकवीनासे झाले आहे.

हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे, कारण संशोधन अभ्यासक्रमातच येऊन बसले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले आणि राज्यातील संलग्न महाविद्यालयांत त्यानुसारची पदवीची रचना २०२४-२५ पासून लागू झाली. तीत क्षेत्रीय प्रकल्प आला, पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षी संशोधन पद्धती हा विषय आला, आणि चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्स करण्याची वाट खुली झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी ही वाट घेता येते आणि तीत १२ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) संशोधन प्रकल्प असतो. म्हणजे तीन वर्षे पाठ्यपुस्तक आणि गाईड यांच्यापलीकडे ज्याला कधी जावे लागले नाही, आणि कदाचित त्यामुळेच ज्याला ७५ टक्के मिळाले, त्याच्याकडून चौथ्या वर्षी आपण एकदम प्रबंधिकेची अपेक्षा करणार. संशोधन पद्धतीचा पेपर ही उणीव भरून काढतो असेही नाही. गृहीतक म्हणजे काय, नमुना निवडीचे प्रकार किती, प्राथमिक आणि दुय्यम साधनांतील फरक कोणता, याची उत्तरे विद्यार्थी पाठ करतो आणि चांगले गुणही मिळवतो. पण त्यालाच एखाद्या विषयावरची पाच पुस्तके आणि तीन लेख शोधून आणायला सांगितले, तर सुरुवात कोठून करायची हे त्याला ठाऊक नसते.

मग प्रकल्प तयार होतात ते कसे, हे सर्वांना माहीत आहे. विषयाचे नाव मोबाइलवर टाकायचे, पहिल्या दोन-तीन पानांवरचा मजकूर उचलायचा, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश मागच्या वर्षीच्या मित्राच्या प्रकल्पातून घ्यायचे, झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग करून घ्यायचे. शेवटी संदर्भसूची म्हणून चार पुस्तकांची नावे, ज्यांतील एकही विद्यार्थ्याने उघडलेले नसते. शिक्षकाकडे साठ-सत्तर प्रकल्प असतात, त्यालाही ते आठवड्यात तपासून द्यायचे असतात. या साखळीत कोणी वाईट हेतूने वागत नाही, तरी मुलाच्या हाती मात्र काहीच लागत नाही.

संशोधन शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे, हे एखाद्या उदाहरणाशिवाय स्पष्ट होत नाही, आणि सोलापूरच्या विद्यार्थ्यासाठी १९३० हे वर्ष सर्वांत जवळचे उदाहरण आहे. गांधीजींना ५ मे १९३० रोजी अटक झाल्यावर सोलापुरात लोक रस्त्यावर आले, ८ मे रोजी गोळीबार झाला, १२ मे रोजी शहरात लष्करी कायदा पुकारण्यात आला, आणि पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणारा प्रत्येक विद्यार्थी ही हकिकत ऐकून असतो. मधल्या काळात, म्हणजे ९, १० आणि ११ मे या दिवसांत, सोलापूर स्वतंत्र होते, हे वाक्य तर शहराच्या प्रत्येक भाषणात, प्रत्येक निबंधात आणि बहुतेक प्रकल्पांत येते. ते अभिमानाने यावे, त्यात काहीच गैर नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यापुढे विचारले पाहिजे की स्वतंत्र म्हणजे काय? त्या दिवसांत रस्त्यावरची व्यवस्था कोणी पाहिली, गिरण्या चालू होत्या की बंद, पोस्ट आणि रेल्वे चालू होती का, नगरपालिकेचे कामकाज कोणाच्या हाती होते, आणि हे सांगणारा पहिला माणूस कोण, त्याने ते केव्हा लिहिले?

हे प्रश्न घेऊन विद्यार्थी ग्रंथालयात आला, तर चांगला ग्रंथपाल त्याला आयते उत्तर देणार नाही, पण वाट दाखवील. आधी जिल्ह्याचे गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ, काढायला सांगील. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेतील सोलापूरचा खंड १८८४ चा असल्याने त्यात ही घटना असण्याचा संभव नाही, सुधारित खंड १९७७ चा आहे. कोणते साधन केव्हाचे हे पाहिल्याशिवाय ते उघडू नये, हा पहिला धडा तेथेच मिळतो. त्यानंतर शहराच्या स्वातंत्र्यलढ्यावरची मराठी पुस्तके, आणि त्या पुस्तकांत दिलेल्या तळटीपा. एका तळटीपेवरून दुसऱ्या पुस्तकाकडे, तेथून तिसऱ्याकडे जात राहिले की काही वेळाने लक्षात येते की पाच लेखकांनी एकाच सहाव्या लेखकाच्या आधारावर लिहिलेले आहे. पाच पुस्तकांत आहे म्हणजे खरे असले पाहिजे, ही समजूत त्या क्षणी गळून पडते, आणि ती कोणाच्या व्याख्यानाने गळून पडणारी नसते. मग समकालीन वृत्तपत्रे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथ संजीवनी या संकेतस्थळावर बॉम्बे क्रॉनिकलचे जुने अंक पाहता येतात. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल या संकेतस्थळावर सरकारी कागदपत्रांच्या याद्या आणि पुष्कळसे कागदही आहेत. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात गृहखात्याची दप्तरे आहेत. काँग्रेसकडे कल असलेले पत्र, इंग्रजांची बाजू घेणारे पत्र आणि सरकारी अहवाल यांतील एकाच दिवसाच्या बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या, की कोणी काय गाळले आणि कोणी काय वाढवले हे विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. त्याचा निष्कर्ष प्रचलित वाक्याला दुजोरा देणारा निघेल किंवा त्यात थोडी दुरुस्ती सुचवणारा निघेल. काहीही निघाले तरी हुतात्म्यांचा मान तसूभरही कमी होत नाही; उलट त्यांच्याविषयी तपासून लिहिलेले एक पान शहराच्या हाती येते.

या शोधात एक अडचण हमखास येते आणि ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेली नसते. जुन्या इंग्रजी कागदांत आणि ग्रंथांत या शहराचे नाव शोलापूर असे लिहिले जात असे. त्यामुळे आजचे स्पेलिंग टाकून शोधणाऱ्याला १९३० चे जवळजवळ काहीच सापडत नाही आणि तो साहित्यच उपलब्ध नाही असा शेरा लिहून मोकळा होतो. एखादा जाणकार शेजारी बसला असेल तर ही अडचण अर्ध्या मिनिटात सुटते, नाही तर कायमची राहते. शोधण्याची विद्या बहुतांशी अशा लहान लहान गोष्टींची असते आणि म्हणून ती एकाने दुसऱ्याला जवळ बसवूनच द्यावी लागते.

दुसरे उदाहरण चादरीचे. सोलापुरी चादर हा आपल्या विद्यार्थ्यांचा प्रकल्पासाठी आवडता विषय आहे आणि तो असलाही पाहिजे. या चादरीला आणि इथल्या टॉवेलला भौगोलिक उपदर्शनाचे (जीआय) संरक्षणही मिळालेले आहे. पण ग्रंथालयात चादरीचे असे एक कपाट नसते. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे कापड उत्पादनाची पुस्तके ६७७ या वर्गांकाखाली असतात, कामगार आणि मजुरी यांविषयीची ३३१ खाली, परदेशी व्यापाराची ३८२ खाली, बौद्धिक संपदेच्या कायद्याची ३४६ खाली, आणि गिरण्यांचा व शहराचा इतिहास ९५४ मध्ये. तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, केवळ चादर हा शब्द शोधणाऱ्याला एखादे पुस्तक मिळते किंवा तेही मिळत नाही. आपला विषय पाच कपाटांत विभागलेला आहे हे ज्याला कळले, त्याला विषयाचे पाच पैलूही त्याच वेळी कळले. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून यंत्रमागापर्यंतचा प्रवास, आंध्र-तेलंगणाकडून आलेला विणकर पद्मशाली समाज, मजुरीचे प्रश्न, निर्यात, हे सगळे त्याच्या विषयात येते याची जाणीव कपाटांसमोर उभे राहूनच होते.

येथे आपल्या ग्रंथालयांच्या एका जुन्या सवयीबद्दल बोलावे लागेल. पुष्कळ महाविद्यालयांत अजूनही विद्यार्थ्याला कपाटांपर्यंत जाता येत नाही. देवघेवीच्या खिडकीवर बी.टी. (पुस्तक नेण्याचे कार्ड) द्यायची, चिठ्ठीवर पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव लिहायचे, आणि आतून परिचर पुस्तक आणून देईपर्यंत उभे राहायचे. ज्याला पुस्तकाचे नाव आधीच माहीत आहे त्याच्यासाठी ही व्यवस्था ठीक आहे. पण ज्याला केवळ प्रश्न माहीत आहे आणि पुस्तकाचे नाव माहीत नाही, त्याने त्या चिठ्ठीवर काय लिहावे? हवे त्या पुस्तकाच्या शेजारचे, आधी कधी नाव न ऐकलेले पुस्तक हाती लागणे हा शोधाचा एक भाग आहे आणि खिडकी त्यालाच बंद करते. पुस्तके गहाळ होतात, पाने फाडली जातात, आणि हिशेब ग्रंथपालाच्या माथी येतो, ही भीती खरी आहे. ती उडवून लावण्यासारखी नाही. म्हणूनच पुस्तकाच्या नेहमीच्या गहाळीची जबाबदारी ग्रंथपालाच्या वैयक्तिक वसुलीवर न टाकता संस्थेने उचलली पाहिजे. डॉ. शियाळी रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, तेव्हा प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा असे म्हणताना त्यांनी मुक्तद्वार पद्धतीचाच, म्हणजे वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊ देण्याचाच, आग्रह धरला होता. त्यांचा १२ ऑगस्ट हा जन्मदिवस आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी प्रतिमेला हार घालण्याबरोबर कपाटांची कुलपे उघडण्याचा निर्णय झाला, तर त्यांना तो अधिक आवडला असता असे मला वाटते.

यावर घेतला जाणारा मोठा आक्षेप असा की आता हे सगळे मोबाइलवर मिळते, मग कपाटांचा आग्रह कशाला. आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे. मराठी विश्वकोश, जिल्हा गॅझेटियर, देशभरातील पीएच.डी.चे प्रबंध असलेले शोधगंगा हे भांडार, हे आज कोणालाही विनामूल्य पाहता येते, आणि पंढरपूर किंवा अक्कलकोटकडून एसटीने येणाऱ्या मुलाला ते घरी बसून वाचता यावे यासारखी आनंदाची गोष्ट नाही. अनुदानित महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेट या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रीय संस्थेची एन-लिस्ट योजना आहे आणि तीतून हजारो नियतकालिके व लाखो ई-पुस्तके मिळतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या एक राष्ट्र एक वर्गणी योजनेत सरकारी संस्थांसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून जवळजवळ १३,००० नियतकालिके तीत आहेत. साहित्य कमी आहे असे आता कोणी म्हणू शकणार नाही. पण एन-लिस्टसाठी आपल्याला स्वतंत्र लॉगिन मिळू शकते हेच अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांना समोर आलेल्या चारशे लेखांतून आपल्या कामाचे चार कसे निवडावेत हे कोणी दाखवलेले नसते. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी तो इंग्रजी पडदा पाहून दोन मिनिटांत बाहेर पडतो. पैसे वर्गणीवर खर्च होतात आणि ती वापरायला शिकवणाऱ्या माणसावर होत नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे तर ही गरज वाढली आहे. विचारल्याबरोबर नेटके उत्तर देणारी ही साधने कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठक्रमांक यांसह ठामपणे सांगतात. ते पुस्तक खरोखर आहे का, हे तपासण्याची रीत ज्याला माहीत आहे त्याच्या हाती हे साधन उपयोगी पडते, आणि ज्याला माहीत नाही त्याची त्यातून फसगत होते. १९५० पूर्वीचे मराठी पुस्तक असेल तर शं. ग. दाते यांच्या ग्रंथसूचीत पाहावे, ही साधी गोष्ट मराठीच्या पदवीधराला सांगता आली पाहिजे. ती सांगता येत नसेल तर त्याला आपण काय शिकवले?

वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरवर आपण टाकलेला भरवसाही मला चुकीचा वाटतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी शिक्षा आहे. नियम योग्यच आहे, पण त्याचा परिणाम असा झाला की विद्यार्थी मजकूर आपला करण्याऐवजी शब्द बदलून टक्केवारी खाली आणण्यात वेळ घालवतात.

सोलापूरच्या विद्यार्थ्याकडे एक भांडवल असे आहे, जे पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याकडे सहसा नसते. इथल्या एकाच वर्गात घरी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुले शेजारी शेजारी बसतात. ज्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला सारे शहर लोटते, त्यांची वचने कन्नडात आहेत. विणकर समाजाच्या जुन्या संस्थांचे कागद, स्मरणिका आणि पत्रव्यवहार यांत तेलुगू आहे, शहराच्या एका मोठ्या समाजाची नियतकालिके आणि पत्रके उर्दूत आहेत. ज्या मुलीची आजी तेलुगू वाचते तिला अशी साधने खुली आहेत, जी बाहेरच्या नामांकित अभ्यासकालाही दुभाष्याशिवाय खुली नाहीत. आजवर घरच्या भाषेचा उल्लेख या मुलांना महाविद्यालयात संकोचानेच करावा लागला आहे. संशोधनाचे साधन म्हणून त्या भाषेला मान मिळाला, तर पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला जो आत्मविश्वास येईल तो कोणत्याही व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरातून येणार नाही.

हे सगळे शिकवणार कोण, हा खरा कळीचा मुद्दा आहे. महाविद्यालयीन ग्रंथपालाला सहसा प्राध्यापकांप्रमाणेच नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, त्याची वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाच्या बरोबरीची असते. आणि तरीही वेळापत्रकात त्याच्या नावावर एकही तासिका नसते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असली की त्याच्याकडून आकडे मागवले जातात, एरवी त्याच्याकडे दाखल नोंदवही, बिले आणि बुक बँक. राज्यातील अनेक अनुदानित महाविद्यालयांत तर ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर ते पद वर्षानुवर्षे रिकामे राहते आणि कारभार एखाद्या प्राध्यापकाकडे किंवा लिपिकाकडे अतिरिक्त म्हणून सोपवला जातो. इंग्रजीच्या शिक्षकाविना इंग्रजीचा वर्ग चालवण्याचा विचार कोणी करत नाही. ग्रंथपालाविना ग्रंथालय मात्र चालते असे शासनही समजते आणि संस्थाही समजतात. संशोधनाला अभ्यासक्रमात स्थान देणाऱ्या शासनाने ही पदे भरणे हा त्याच निर्णयाचा भाग मानला पाहिजे, आणि शिक्षक संघटनांनीही ही मागणी आपल्या यादीत शेवटी न ठेवता वर आणली पाहिजे.

पदे भरेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. पदवीच्या पहिल्याच सत्रात आठवड्याला एक तास प्रत्येक तुकडीने कपाटांमध्ये घालवावा, विषयशिक्षक आणि ग्रंथपाल या दोघांनी मिळून तो घ्यावा, आणि त्याला गुण असावेत. पंधरा-वीस मुलांचे गट केले तर मोठ्या वर्गालाही हे जमते. प्रत्येक विद्यार्थ्याला सोलापूरविषयीचे एक प्रचलित विधान द्यावे आणि सत्र संपेपर्यंत ते विधान सर्वांत आधी कोठे छापले गेले याचा माग काढून दोन पाने लिहायला सांगावे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला उजनी धरणाच्या पाण्याविषयीचे विधान द्यावे, वाणिज्यच्या विद्यार्थ्याला टॉवेलच्या निर्यातीविषयीचे. उत्तर सापडले नाही तरी चालेल. कोठे कोठे पाहिले आणि तेथे काय मिळाले नाही, हे पृष्ठक्रमांकासह लिहिलेले असेल तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. आयता मजकूर या कामाला पुरत नाही, आणि शिक्षकालाही साठ एकसारखे प्रकल्प वाचावे लागत नाहीत.

यातून तयार झालेल्या चांगल्या प्रकल्पांचे काय करायचे हेही ठरवावे लागेल. आज ते निकालानंतर काही दिवस विभागात पडून असतात आणि जागा अडली की रद्दीत जातात. त्यातील निवडक प्रकल्पांना दाखल क्रमांक आणि वर्गांक देऊन ते तालिकेत आणावेत, त्यांच्याबरोबर विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या गिरणी कामगारांच्या मुलाखती, संस्थांच्या स्मरणिका, स्थानिक दैनिकांची कात्रणे आणि घराघरांतील तेलुगू-कन्नड कागदांच्या प्रती स्थानिक संग्रह म्हणून ठेवाव्यात. शहरातील महाविद्यालये, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे ग्रंथालय आणि हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी सार्वजनिक वाचनालये यांनी अशा संग्रहांची एक सामाईक यादी केली, तर कोणता कागद कोठे आहे हे केगावच्या विद्यार्थ्यालाही कळेल आणि बाळीवेशीतल्या विद्यार्थ्यालाही. २०२४-२५ मध्ये प्रवेश घेतलेली पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात असेल. ती यादी तोपर्यंत अर्धी जरी तयार झाली, तरी त्या तुकडीतल्या संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला आधीच्यांनी काय शोधले होते आणि ते कोठे थांबले होते हे पाहून पुढचे काम हाती घेता येईल.